बीट संपलं, पुढे कोण?

मुंबई–गोवा महामार्गावरच्या खड्ड्यालाही पत्ता असतो. पनवेलपासून इंदापूरपर्यंतचे ८४ किलोमीटर भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचे, तिथून पुढचे राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाचे. रोहा तालुक्यातलं कोलाड पहिल्या भागात येतं. या भागाचेही मागाहून दोन तुकडे झाले, पनवेल ते कासू आणि कासू ते इंदापूर, ४२-४२ किलोमीटरचे, कंत्राटदार वेगवेगळे. चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं. २०२५ च्या गणपतीला चाकरमानी निघाले, तेव्हाही ते पूर्ण झालेलं नव्हतं. कागद काढून बसलं तर यातला एकही मीटर बेवारस सापडत नाही, हे यातलं खरं दुखणं आहे.

रुळांचीही हद्द जवळच आहे. रोह्यापर्यंत मध्य रेल्वे, रोह्याच्या पुढे कोकण रेल्वे कॉर्पोरेशन. कोलाड हे त्या कंपनीच्या मार्गावरचं रोह्यानंतरचं पहिलं स्टेशन.

या हद्दींवरून कोलाडात दोघांचा वाद झाला, तो इथे मांडतो आहे. एक मामा: कोकण रेल्वेत रूळ देखभालीच्या कामावर आयुष्य गेलेलं, सुपरवायझर होऊन निवृत्त. दुसरी त्यांची भाची: पुण्यात एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड. दोघांची नावं देत नाही, त्यांनीच नको म्हटलं. बोलणं चालू असताना मी मध्ये तोंड घातलं नाही. इथे मात्र अधूनमधून घालणार आहे.

भाची : मामा, आमच्याकडे परवा काय झालं सांगते. एका ग्राहकाचे पैसे दोनदा कापले गेले. त्यानं तक्रार केली, तिकीट उघडलं. कस्टमर सपोर्टनं ते पेमेंटवाल्यांना दिलं. पेमेंटवाले म्हणाले, आमच्याकडून एकदाच गेलेत, हिशेबाच्या टीमला विचारा. हिशेबवाल्यांनी बँकेशी जोडणी सांभाळणाऱ्या टीमकडे पाठवलं. त्यांनी परत सपोर्टकडे, ‘ग्राहकाकडून अधिक माहिती घ्या’ म्हणून. ग्राहकानं कंटाळून उत्तर दिलं नाही आणि तिकीट आपोआप बंद झालं. वर गंमत अशी, की महिन्याच्या अहवालात चारही टीम हिरव्या! प्रत्येकीनं आपल्या मुदतीच्या आत उत्तर दिलेलं.

मामा : उत्तर दिलं की पुढं ढकललं?

भाची : तेच ना. तिकीट आपल्या हातात किती वेळ राहिलं, एवढंच मोजतात. पुढे ढकललं की घड्याळ दुसऱ्याचं सुरू. सोडवणाऱ्याला वेळ लागतो, तो लाल दिसतो. ढकलणारा हिरवा.

मामा : म्हणजे तुमच्याकडे टोलवाटोलवीला बक्षीस आहे.

भाची : म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. प्रत्येक प्रश्नाला एक माणूस हवा. टीम नको, विभाग नको. नावगाव असलेला एक माणूस. ॲपल कंपनीत ही पद्धत आहे, मीटिंगमध्ये ठरलेल्या प्रत्येक कामापुढे एकाच माणसाचं नाव लिहायचं. काम अडलं तर कुणाला विचारायचं, हे सगळ्यांना माहीत. आपल्या या हायवेला असा एक माणूस असता तर?

मामा : असता तर त्याची पाच वेळा बदली झाली असती.

भाची : थट्टा नको.

मामा : थट्टा नाही बाय. तू म्हणतेस तो माणूस उभा करू. त्याच्या हातात काय देशील? जमीन संपादन प्रांताकडे, म्हणजे महसूल खात्याकडे. कर्नाळ्याचं पक्षी अभयारण्य वाटेत, त्याची परवानगी वन खात्याकडे. विजेचे खांब हलवायचे तर महावितरण. पाण्याची पाइपलाइन आणखी कुणाची. कंत्राटदाराचे पैसे संपले तर बँका. यातल्या कुणालाही हा माणूस ‘उद्या सकाळी करा’ म्हणू शकतो का? नाही म्हणू शकत. मग तू मालक नेमला नाहीस, शिव्या खायला माणूस नेमलास.

मामांचा हा मुद्दा ऐकायला सरकारी वाटतो, पण तो टाकून देण्यासारखा नाही. वीज मंडळाचंच पाहा. ६ जून २००५ ला महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे भाग पडले: निर्मिती एका कंपनीकडे, पारेषण दुसरीकडे, वितरण तिसरीकडे, आणि वर एक सूत्रधारी कंपनी. कुणाचा तोटा किती ते दिसावं, हा हेतू होता आणि हिशेबापुरता तो चुकीचाही नव्हता. पण कोलाडच्या घरात दिवे गेले की फोन महावितरणलाच लागतो, बिघाड महापारेषणच्या उपकेंद्रात असला तरी. फोन घेणाऱ्याच्या हातात ते उपकेंद्र नसतं.

भाची : बरं, मग सावित्रीचा पूल घ्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा जुना पूल वाहून गेला, एसटीच्या दोन गाड्या गेल्या, माणसं गेली. आणि नवा पूल? १६५ दिवसांत उभा राहिला, जून २०१७ मध्ये वाहतूक सुरू. तोच महामार्ग, तोच देश, तेच कायदे. फरक एवढाच, की तिथे कुणीतरी ‘हे माझं’ म्हणालं.

मामा : पूल पडायच्या आधी तो कुणाचा होता?

भाची : बांधकाम खात्याचा.

मामा : एकट्या बांधकाम खात्याचा. तिथं तुझ्या म्हणण्याप्रमाणे सगळं होतं बघ. मालक एक, कागद स्वच्छ. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि धोका दिसला नाही, असं सरकारनंच नंतर सांगितलं. ऑगस्टमध्ये पूल गेला. एक मालक असून गेला.

भाची : पण नवा पूल तरी...

मामा : नवा झाला कारण नदी तीच, जागा तीच, भूसंपादनाची कटकट फारशी नाही, पैसा तयार, आणि मंत्री रोज विचारतोय. अशी पाच गोष्टींची मोट बांधली की मी पण बांधून देतो. चौऱ्याऐंशी किलोमीटरला ती मोट कोण बांधणार? आणि पूल पडण्याआधी कोण बांधणार?

इथे भाची काही क्षण गप्प झाली. मला वाटतं, मामांनी तिचं उदाहरण पळवलंच. पण त्यातून तिचाच मुद्दा अर्धा सिद्ध होतो, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. मंत्री रोज विचारत होता म्हणजे सगळी खाती एकाच माणसाला उत्तर देत होती. अपघातानंतर जे जमतं ते अपघाताआधी का जमू नये, हा तिचा प्रश्न तसाच उरतो.

भाचीनं मग अमेरिकेतली गोष्ट काढली. जनरल मोटर्सच्या काही छोट्या गाड्यांची किल्ली चालत्या गाडीत आपोआप फिरायची. इग्निशन स्विच सैल. इंजिन बंद पडायचं आणि धडक झाली तर एअरबॅग उघडायच्या नाहीत. कंपनीनं २०१४ मध्ये सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या, नंतर भरपाईच्या निधीनं १२४ मृत्यू या दोषाशी जोडले. कंपनीनंच नेमलेले वकील अँटन व्हालुकस यांनी त्याच वर्षी अहवाल दिला. ही चौकशी मला नेहमीच फार बोलकी वाटत आली आहे.

भाची : त्यात लिहिलंय, चालती गाडी बंद पडते ही तक्रार कंपनीच्या कागदोपत्री ‘ग्राहकाची गैरसोय’ या खात्यात गेली. सुरक्षेच्या खात्यात नाही. एअरबॅग का उघडत नाहीत हे शोधणारे दुसरे. किल्ली फिरली की एअरबॅगची वीज जाते, हे दोन्ही टोकं हातात असलेल्या माणसाला लगेच कळलं असतं. तसा माणूसच नव्हता. स्विच २००६ मध्ये बदलला, पण सुट्या भागाचा क्रमांक तोच ठेवला. तपास करणारे जुन्या आणि नव्या गाड्या ताडून बघतात, दोन्हींवर एकच क्रमांक!

मामा : बाप रे.

भाची : आणि कंपनीतल्या लोकांनी चौकशीत एक खूण करून दाखवली. दोन्ही हात छातीवर आडवे घ्यायचे आणि बोटं दोन बाजूंना करायची, याच्याकडे, त्याच्याकडे. कंपनीच्या नावानं त्या खुणेला ‘सलाम’ म्हणायचे. दुसरी एक पद्धत म्हणजे मान डोलवायची. बैठकीत सगळे मान डोलवतात आणि खोलीबाहेर पडल्यावर कुणीच काही करत नाही.

मामा : ती मान मी पाहिलीय. त्यासाठी अमेरिकेला जावं लागत नाही. मग पुढं काय केलं त्यांनी?

भाची : पंधरा जणांना काढलं.

मामा : बघ. आता जे उरले त्यांनी काय धडा घेतला असेल? पुढच्या वेळी कागदावर आपलं नाव येऊ द्यायचं नाही. तुझी एक-नाव पद्धत अशीच उलटते. नाव लिहिलं की माणूस आधी स्वतःला वाचवतो.

भाची : मग काय, कुणालाच जबाबदार धरायचं नाही? ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं ना, खड्ड्यामुळे माणूस गेला तर वारसांना सहा लाख रुपये द्या आणि ते जबाबदार अधिकाऱ्यांकडून, कंत्राटदारांकडून वसूल करा. महापालिका असो, महामार्ग प्राधिकरण असो. आधी घरच्यांना पैसे मिळणार, हद्द कुणाची ते तुम्ही आपसात भांडा. मला ते पटतं.

मामा : मलाही पटतं. मेलेल्याच्या घरच्यांनी हद्दीचे नकाशे का बघायचे? पण ते मेल्यानंतरचं झालं. मी रुळावरचा माणूस आहे, आमचं काम मेल्याआधीचं. तुला माहितीय, रेल्वेत गाडी रुळावरून घसरली की काय होतं? जागेवर जॉइंट नोट लिहितात. आमचा रूळवाला, डबेवाला, इंजिनवाला, वाहतूकवाला, सगळे तिथं उभे. एक रूळ मोजतो, एक चाक मोजतो. आणि सही करताना सुरुवात होते. रूळवाला म्हणतो चाक झिजलं होतं, डबेवाला म्हणतो गेज सैल होता. कुणीतरी असहमतीची वेगळी नोंद जोडतोच. म्हणून तर मोठ्या अपघाताची चौकशी रेल्वे संरक्षा आयुक्त करतात आणि ते रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसतात, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या हाताखाली असतात. स्वतःच्या भांडणाचा निवाडा स्वतः करायचा नाही, एवढं शहाणपण आहे.

भाची : म्हणजे तुमच्याकडेही टोलवाटोलवी आहेच.

मामा : आहे की. ४ मे २०१४ ला दिवा–सावंतवाडी पॅसेंजर घसरली. नागोठणे आणि रोहा यांच्यामध्ये, निडीजवळ. माणसं गेली. सगळीकडे बोंब, कोकण रेल्वेवर अपघात! तो भाग मध्य रेल्वेचा. गाडी सावंतवाडीची, म्हणून लोकांनी आमच्या नावावर टाकला. मी तेव्हा भांडत सुटलो होतो, आमची हद्द नाही, आमची हद्द नाही.

भाची : आणि डब्यात बसलेल्याला काय फरक पडतो, मामा?

मामा : काही नाही. (थांबून) काही फरक पडत नाही.

या ठिकाणी मला मामा जास्त आवडले. त्यांनी पुढे जे सांगितलं त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला, म्हणून ते जरा सविस्तर देतो.

कोकण रेल्वेनं दोन मोठे पावसाळी अपघात पाहिले आहेत. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ कारवार–मुंबई विशेष गाडी दरडीमुळे घसरली, पुढच्याच वर्षी १६ जूनला करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेस. त्यानंतर पावसाळ्याचं वेळापत्रक वेगळं झालं, गाड्यांचा वेग कमी केला. मुसळधार पावसात पुढचं दिसेनासं झालं तर ताशी ४० किलोमीटर. आणि रात्रंदिवस गस्त. अलीकडच्या पावसाळ्यांत कंपनी सहाशेहून अधिक माणसं गस्तीला लावते.

मामा : गस्तीवाल्याचं बीट ठरलेलं असतं. हातात बत्ती, झेंड्या, डिटोनेटर, शिट्टी. इथून तिथपर्यंत चालायचं, दरड, पाणी, खचलेला भराव बघायचा. बीटाच्या टोकाला पलीकडचा गस्तीवाला भेटतो. दोघांनी आपापली गस्तीची वही एकमेकांना द्यायची आणि परत फिरायचं. दुसऱ्याच्या हातात वही गेली म्हणजे मधला सगळा रूळ माणसानं पाहिला, असा त्याचा अर्थ.

भाची : हा तर हँडओव्हर झाला. आमच्याकडेही आहे.

मामा : पुढं ऐक. टोकाला पोचलीस आणि पलीकडचा आलाच नाही, तर काय करायचं?

भाची : फोन करायचा. कळवायचं.

मामा : पुढं चालायचं. त्याच्या बीटात शिरायचं आणि तो भेटेपर्यंत चालत राहायचं. नियम आहे तो. माझं बीट संपलं म्हणून परत फिरता येत नाही. मग त्याची तक्रार कर, हजेरी माग, काय वाटेल ते कर. पण आधी चाल. कारण तो का आला नाही, तुला काय माहीत? झोपला असेल. दरडीखालीही असेल.

भाची काहीच बोलली नाही. मग म्हणाली, ‘यात हद्द पण आहे.’ मामा म्हणाले, ‘हद्द नसती तर दोघंही घरी झोपले असते.’

मला यात दोघांच्याही बाजूचं काहीतरी दिसतं आणि दोघांच्याही विरुद्धचं. भाचीला हवा असलेला एकच मालक इथे नाही. शेकडो माणसांनी रूळ वाटून घेतला आहे. मामांना प्रिय असलेली हद्द आहे, पण ती अशी की समोरच्या जिवंत माणसाच्या हातात वही पडेपर्यंत ती ओलांडायचीच. प्राधिकरणाचा शेवटचा किलोमीटर आणि बांधकाम खात्याचा पहिला किलोमीटर जिथे भिडतात, तिथे असा नियम कोणत्याही परिपत्रकात माझ्या पाहण्यात आलेला नाही. तिथे पत्र पाठवतात, ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’. पत्र पोचलं की पाठवणारा मोकळा.

आणखी एक गोष्ट. गस्तीवाल्याला पुढे चालता येतं, कारण पुढचा रूळही त्याच कंपनीचा आहे. दरड दिसली तर गाडी थांबवण्याचा अधिकार त्याच्या हातातल्या लाल बत्तीत आहे. सर्वांत खालच्या माणसाला थांबवण्याचा अधिकार, ही गोष्ट मोठ्या कंपन्यांत दुर्मीळ. तिथे तो अधिकार वर वर सरकत जातो आणि दरड खाली कोसळते.

भाची : मग कोकण रेल्वेच सगळ्यांना शिकवू दे ना. १९९९ पासून इथून ट्रक गाडीवर चढवून नेतायत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मोटारीही सुरू केल्या, कोलाडहून वेर्ण्याला. कोलाडला पैसे भरले, गोव्यात गाडी उतरवली, मधलं सगळं त्यांचं. एक पावती, एक मालक. रस्त्याचा प्रश्न रस्तेवाल्यांनी सोडवला नाही, तो रेल्वेनं तिकीट लावून सोडवला.

मामा : मोटारींना सुरुवातीला गिऱ्हाईक बेताचंच आलं, तेही सांग. आणि आमच्या कंपनीचं सांगतेस तर पूर्ण ऐक. १९९० मध्ये कंपनी निघाली. तेव्हा केंद्राचे ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकाचे १५, गोवा आणि केरळचे सहा-सहा. रूळ आमचे, बोगदे आमचे, गाड्या आम्ही चालवतो, दरड आम्ही उपसतो. तुला हवा तसा एकच मालक. पण पैसा? रोहा ते वीर दुहेरी मार्ग व्हायला २०२१ उजाडलं, पुढे बहुतेक एकेरीच. कर्ज काढायचं आणि फेडायचं. रेल्वेच्या अर्थसंकल्पातून सरळ पैसा नाही, कारण आम्ही कंपनी. म्हणून शेवटी भारतीय रेल्वेत विलीनीकरणाचं निघालं. २०२५ मध्ये महाराष्ट्रानंही संमती दिली, फक्त नाव कोकण रेल्वेच राहू द्या म्हणून. जबाबदारी पूर्ण, खिसा अर्धा, असा मालक किती दिवस तग धरणार?

भाची : विलीन झालं की रोह्याची हद्द जाईल.

मामा : हद्द जात नाही. सरकते. उद्या ती दुसरीकडे कुठेतरी पडेल, कुठल्यातरी विभागाच्या सीमेवर. तिथल्या लोकांना विचार.

भाची : तुम्हाला दुःख होतंय.

मामा : होतंय थोडं. दुहेरी मार्ग झाला तर होणार नाही.

मग भाचीनं वही काढली आणि आपल्या टीमसाठी नियम लिहायला घेतले. तिकीट दुसऱ्या टीमकडे टाकून मोकळं व्हायचं नाही. पलीकडच्या एका माणसानं ‘मी घेतलं’ म्हणेपर्यंत ते आपल्याच नावावर. तो मिळाला नाही तर त्यांच्या कोडमध्ये आपण शिरायचं, पाहायचं, निदान नुकसान थांबवायचं. थांबवण्याचं बटण सपोर्टच्या मुलांच्याही हातात द्यायचं.

मामा : आणि जो दुसऱ्याच्या बीटात चालला, त्याचं स्वतःचं काम मागे पडलं, तर?

भाची : तर तो लाल दिसेल.

मामा : मग कशाला जाईल कोण?

भाची : मोजण्याची पद्धत बदलायला हवी. ग्राहकानं तक्रार केल्यापासून पैसे परत मिळेपर्यंत एकच घड्याळ, सगळ्या टीमचं मिळून. आणि वर्षअखेरीला पगारवाढ ठरवताना ते धरायचं.

मामा : ते तू बदलू शकतेस?

भाची : नाही हो. पगारवाढीचे निकष आमच्याकडे येत नाहीत. ते एचआरकडे.

मामा : एचआरमध्ये कुणाकडे? नाव सांग.

भाची : नाव... एक ई-मेल आयडी आहे.